ओठांतली ओळ

विंगेत खुर्ची टाकून बसायचं, संहिता मांडीवर घ्यायची आणि नट अडलाच तर पुढची ओळ आपल्या ओठांत तयार ठेवायची, हे प्रॉम्प्टरचं काम. त्याचा उभा जन्म त्यात गेला. बायको त्याच नाटक कंपनीत मावशी-आत्यांच्या भूमिका करायची. ती म्हणायची, "लोकांचे नवरे झोपेत घोरतात, माझा दुसऱ्यांचे संवाद म्हणतो."

हल्ली मात्र नट अडला की विंगेतून काहीच यायचं नाही. पानावरची ओळ तोंडापर्यंत येईस्तोवर निसटून जायची. मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, डॉक्टरांनी हो म्हटलं तर नव्या नाटकाला घेतो, नाहीतर आता आराम करा. आराम करायला लावला तर हा माणूस झुरून मरेल, याची बायकोला खात्री होती.

दवाखान्यात तपासणारी डॉक्टर म्हणजे त्यांच्या लेकीच्या वयाची मुलगी. "काका, मी शब्द सांगते. संपले की त्याच क्रमाने म्हणा. लाट, वाट, खाट, पाट, ताट."

"लाट," प्रॉम्प्टर म्हणाला. "ताट." मग खिडकीकडे बघत बसला.

बायकोनेही मनातल्या मनात म्हणून पाहिलं. आधी खाट की पाट, सगळी खिचडी झाली. धडधाकट असून आपली ही गत, मग त्याचं काय चुकलं? तिचा जीव भांड्यात पडला.

"आता हे. चूल, मीठ, ढग, बैल, पाय."

हे तिला घडाघडा आले.

"चूल," तो म्हणाला. "पाय."

मुलीने बराच वेळ आलटून पालटून यमकाचे आणि बिनयमकाचे शब्द विचारले. दर वेळी तेच.

"यमकांत ते माझ्याइतकेच आहेत," बायको घाईने म्हणाली. "तिथे तुम्हीसुद्धा अडखळाल."

"अडखळेनच. सगळे अडखळतात, काकू. शब्द धरून ठेवायला आपण ते मनात घोळवतो ना, मग सारखे वाजणारे एकमेकांत मिसळतात. वेगळे असले की टिकतात. काकांना दोन्ही सारखेच अवघड." मुलीचा आवाज खाली आला. "त्यांचं मनात घोळवणंच थांबलंय बहुतेक."

बायकोच्या लक्षात आलं, कितीतरी महिन्यांत घरात त्याची झोपेतली पुटपुट ऐकू आली नव्हती. तिला वाटलं होतं, एकदाचा निवांत झाला बिचारा. शेजारणीला तिने ते कौतुकाने सांगितलंही होतं. आता तिला स्वतःचीच चीड आली.

"सुधारेल?"

"खोटी आशा नाही दाखवत, काकू. ते काम आता नको."

जिन्यात त्याने विचारलं, "काय गं, पास झालो?"

"झालात हो," ती बोलून गेली. त्याने मान हलवली.

फाटकाशी त्याने पुन्हा तेच विचारलं. या वेळी तिला खोटं बोलवेना. "नाही. काम सुटलं तुमचं."

तो कोसळेल म्हणून तिने त्याचा दंड घट्ट धरला. त्याने तशीच मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "चल लवकर, मालक खोळंबले असतील."