निम्मी वीज

चूक माझीच. तक्त्याचा रकाना अरुंद होता, 'स्थापित वीजक्षमता' हे शब्द त्यात मावेनात, म्हणून मी नुसतं 'वीज' लिहून मोकळी झाले. आळस, दुसरं काय! त्या एका शब्दाच्या जोरावर आमच्या ऊर्जा खात्याच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर वाक्य चढलं: 'देशाची निम्मी वीज आता सूर्य आणि वाऱ्याची.'

सकाळी ते छापील पान हातात पडलं आणि मी हुरळून बाबांना फोन केला. बाबांनी तीस वर्षं कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळला. दोन वर्षांपूर्वी तो कायमचा विझवला, तोही त्यांच्याच हातांनी. तेव्हापासून त्यांचं जेवणावरून मन उडालं होतं.

"निम्मी?" ते ओरडलेच. "म्हणजे आमचा बॉयलर उगाच नाही गेला, ठमाकाकू!"

सगळ्यांच्या चुका काढते म्हणून शाळेपासून मी ठमाकाकू. आज पाळी माझी होती. दुपारी धुराचे आकडे तपासताना मी अडखळले. निम्मी वीज सूर्यवाऱ्याची, तर वीजकेंद्रांचा धूर इतकाच कसा घटला? मग तो रकाना आठवला. निम्मी होती ती क्षमता, म्हणजे सगळं पूर्ण जोरात चाललं तर. सूर्य रोज मावळतो आणि वारा त्याच्या मर्जीचा मालक. वर्षभरात त्यांच्याकडून खरोखर मिळालेली वीज एकोणतीस टक्के होती.

"चार वाजता पत्रकार येतायत," मी चूक सांगितल्यावर साहेब म्हणाले. "एका शब्दाने काय आभाळ कोसळणार आहे? सही करा. पुढच्या महिन्यात विभागप्रमुख व्हायचंय ना?"

"नाही करणार. चूक माझी, तसं लिहून देते. पण छापायचं एकोणतीसच. गेल्या वर्षी चोवीस होती, साहेब. वाटा पाच अंकांनी वाढलाय, त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बदला. आणि विभागप्रमुखाचं विसरा."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? छपाईवाल्याने तोंड वाकडं केलं, पण नवं पान हातात पडेपर्यंत मी यंत्रापासून हलले नाही.

अवघड काम त्यानंतरचं होतं. बाबांनी एव्हाना जुन्या सोबत्यांना एकेक करून बातमी सांगितली होती.

"बाबा, निम्मी नाही. एकोणतीस. माझी चूक झाली."



"मीटरच्या काट्यावर एकोणतीस आहे?" त्यांनी विचारलं.

"काट्यावर."

"मग तेवढीच. काटा दाखवील तेच मी वहीत लिहीत आलो, वरच्यांना आवडो न आवडो." ते खाकरले. "ठेव फोन. सगळ्यांना परत सांगायला हवं."

"मी सांगते ना, बाबा. चूक माझी आहे."

"तू कशाला? तू निम्मी व्हायला राहिलेल्या एकवीसचं बघ."