सगुणची काटेरी मोरी

सगुणच्या पत्राला नऊ वर्षं झाली होती, आणि गुरुदास सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पाकिटात मोरीचा, म्हणजे शार्क माशाचा, एक काटाही होता, बुडाशी गोल चकती असलेला. शाळा सोडून ट्रॉलरवर गेलेल्या या विद्यार्थ्याने लिहिलं होतं: 'सर, बायको गौरवी बाळंत, तिला दूध यावं म्हणून बोटीच्या टांडेलाने जाळ्यातली मोरी मला दिली. काळपट, अंगभर काटे, पाठीवरची दोन्ही परं पार शेपटीकडे सरकलेली. टांडेल म्हणाला, मोरी कसली, फणसच तो. डेकवर तिने दोन जिवंत पिल्लं टाकली. मला बघवेना. पिल्लांसकट पाण्यात सोडली. तिचा जाळ्यात राहिलेला काटा सोबत धाडलाय. इकडे गौरवीला दूध आलं नाही, दीड महिन्यात मूल गेलं. आई म्हणते, बाळंतिणीच्या तोंडची मोरी सोडलीस म्हणून. ही कुठली मोरी, सर? तुम्ही लिहाल ते आई मानेल.'

सरांनी पुस्तकं काढली. खोल पाण्यातल्या काटेरी मोऱ्यांच्या दोन जाती निघाल्या. एकीचे काटे मोठे, विरळ. दुसरीचे बारीक, दाट. एका काट्यावरून ठरवायचं कसं? आणि नाव चुकलं तर? खात्री झाली की लिहू, असं म्हणत पत्र पुस्तकातच राहिलं.

परवा गौरवी तेरेखोलहून मांद्र्याला त्यांच्या दारात आली. सगुण काविळीने गेला, म्हणाली. मग तिने विचारलं, "सर, तुमी उत्तर धाडलां होतां? हे घरी इले की पोस्टमनाक विचारीत."

"नाही गो."

"सासूमाई अजून तांच म्हणतत. मोरी सोडल्यान म्हणान नातू गेलो." तिने पदर सारखा केला. "आता तरी लिवा. मी वाचून दाखवीन."

सर लिहायला बसले. सवयीने 'चि. सगुण' लिहून झालं आणि हात थांबला. ते 'चि.' त्यांच्याने खोडवेना.

'मोरीची जात मला आजही नक्की सांगता येत नाही. खोल अंधारात राहते, पिल्लं पोटात वाढवते, एवढंच कळलं. पण मोरी खाल्ल्याने दूध येत नाही. मूल गेलं त्यात तुझा दोष नव्हता. हे मला तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी माहीत होतं.'

काटा त्यांनी या पत्राच्या पाकिटात घातला. पोस्टाच्या पेटीत टाकताना पाकीट त्या काट्यापाशी अडकलं. सरांनी ते बोटाने हळूच आत ढकललं.