म्हातारी आणि सहा सुपं

झोडणी कधीच उरकली होती. कापडे गावाचं खळं आता पोरांना मोकळं होतं. शर्मिला पेंढ्याला टेकून बसली होती. पुण्याची प्रयोगशाळा सोडायची, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. सोमवारी तिथे सांगायचं. पण त्याआधी सुहास गुरुजींना. पाटीवर पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं.

"दमलीस गो," शेजारी येऊन बसत गुरुजी म्हणाले.

"दमले, गुरुजी. अणू एका जागी धरायचा आणि त्याच्या ठेक्यावर घड्याळ लावायचं. पण त्याला विद्युतभार नाही. धरायला ना कान, ना शेपूट. नुसत्या प्रकाशानं सगळीकडून अडवायचा. धरला म्हणेपर्यंत निसटतो. कितीदा तेच करायचं?"

रुईच्या बीची एक पांढरी, केसाळ म्हातारी तरंगत खळ्यावर आली. पोरं धावली.

"हात लावू नका रे!" गुरुजी म्हणाले. "सुपं आणा. ताई सांगेल, अणू कसा धरतात ते."

शर्मिलाला उठायचाही कंटाळा आला होता. तरी उठली. तिनं पोरं उभी केली: चौघं चार बाजूंना, निशा ओट्यावरून झुकलेली, बुद्धरत्न खाली उताणा. सहा सुपं. पोरांचे हात भाताला वारा घालायला सरावलेले. सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि म्हातारी थेट कौलांवर गेली.

"भात उफणताय व्हय?" गुरुजी हसले.

"हळू," शर्मिला म्हणाली. "ज्याच्याकडे येईल त्यानंच वारा घालायचा. तोही फुंकरीएवढा."

दुसरी म्हातारी आणली. ती इकडे वळली, तिकडे वळली, मंदावली. मधोमध क्षणभर थांबली. खळं गप्प झालं. तेवढ्यात खालून बुद्धरत्न शिंकला.

"मेल्या!" निशा ओरडली. पण रागवायला कुणाला वेळच नव्हता. पोरं तिसरी शोधायला पळाली.

शर्मिला रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"गुरुजी, एकदा अणू थांबलेला मी पाहिलाय. काळोखात धुळीच्या कणाएवढा उजेड. मग गेला. हे मी कुणाला सांगितलंच नाही."

"आणि मला काय सांगायला आली होतीस?"

 तिचे पाय दुखत होते, डोळे चुरचुरत होते.

"अजून थोडे दिवस दमते म्हणते," ती म्हणाली आणि पडलेलं सूप उचलून उभी राहिली.