एक नंबरचं बटण

मित्रांनो, कपाटात वायरींच्या गुंत्यात पडलेली मी एक जुनी मोजणीची पेटी आहे. टीव्हीशेजारी बसून घरातलं कोण काय आणि किती वेळ बघतं, ते टिपणं हे माझं काम. अजूनही मधूनच डुलकी लागते आणि मला शिवणयंत्राचा आवाज ऐकू येतो.

तो आवाज दोन शिंपी भावांच्या खोलीतला. थोरले आणि धाकटे, केस पिकले तरी दोघंही सडेफटिंग. माझ्या रिमोटवर प्रत्येकाचं वेगळं बटण होतं. बघायला बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. एक नंबर थोरल्यांचा, दोन नंबर धाकट्यांचा. शिवाय टीव्हीची पाहणी करणाऱ्या कंपनीच्या बाईंनी एक वही दिली होती, काय बघितलं ते स्वतः लिहायला. थोरले ऐटीत लिहीत, 'बातम्या, एक तास.' मी मात्र तीन तास कुस्ती टिपलेली असे! बाई दर महिन्याला येऊन वही माझ्याशी ताडून बघत आणि हसून म्हणत, "काका, पेटी कधी खोटं बोलत नाही हं!" मी फुशारून जाई.

मग एका आजारात थोरले गेले. शिवणयंत्र बरेच दिवस झाकलेलंच राहिलं.

ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा धाकटे संध्याकाळी टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसू लागले. आधी एक नंबर दाबत, मग दोन. कुस्ती लावत. कुस्तीचा त्यांना मनस्वी कंटाळा! मान खाली घालून ते शर्टाची काजं करत बसत, आणि मी इमानेइतबारे टिपत असे: दोघं, तीन तास.

बाई आल्या. वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'मी एकटा.'

"काका, पेटीत दोघं कसे?"

"एक नंबर मीच दाबतो," धाकटे म्हणाले. "तुमची मोजणी चुकते, कळतं मला. पण तेवढं नाही दाबलं ना, तर खोली खायला उठते. आता हे सगळं नेणार का तुम्ही?"

नियम तसाच होता. खोटी नोंद सापडली की घर यादीतून बाद आणि सामान परत. बाईंनी वही मिटली. मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'पेटी नादुरुस्त. रिमोट हरवला.' मला पिशवीत घातलं आणि रिमोट धाकट्यांच्या हातात ठेवला.

मित्रांनो, माझ्यात काहीही बिघाड नव्हता. तरी त्या शेऱ्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते निराळंच. रोज संध्याकाळी मी त्या खोलीत होते, पण धाकटे एकटे आहेत हे माझ्या एकाही आकड्यात आलं नाही. तुमच्या घरीही कुणी टीव्हीसमोर तासन् तास बसत असेल. ते तास मोजत बसू नका. जवळ जाऊन बसा.