काळे दात

रुखमानं सुनेची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. संघप्रियाच्या दातांच्या फटी काळ्या होत्या.

पाचवा महिना. मागं तिनं दारामागच्या भिंतीची माती उकरून खाल्ली, तेव्हाच रुखमानं बजावलं होतं, पुन्हा असलं काही तोंडात घातलं तर आरमोरीची गाडी. आरमोरीतला भाऊ तिला दोन दिवसांच्या वर ठेवून घेणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. आता पोरगी भिंत सोडून कोळशावर आली होती. घुग्घुसात त्याला काय तोटा. ट्रकांतून सांडतच जातो.

तिच्या कपड्यांची पिशवी भरून झाली. खाणीतून आलेल्या सासऱ्यांनी, वामनरावांनी निदान सिस्टरबाईला विचारू म्हटलं.

"तिले काय इचारता? दात बोलून राह्यले."

पण दवाखान्याच्या नीलाबाई सिस्टर त्या दिवशी घरांच्या त्याच ओळीत तपासणीला आल्या होत्या. वामनराव अनवाणीच जाऊन त्यांना घेऊन आले.

नीलाबाईंनी पापणी ओढून पाहिली, मग दात, आणि हसल्या. अंगात लोह कमी पडलं की बाईला माती खावीशी वाटते, हे त्यांनी मागंच सांगितलं होतं आणि लोहाच्या औषधाची बाटलीही दिली होती. आज सांगितलं, लोहाच्या औषधानं दात काळे पडतात. जिभेच्या मागं ओतायचं आणि चूळ भरायची.

"औषध चालू ठेवलं थे बरं केलं, रुखमाबाई. पापणी अजून पांढरीफटक हाय. नसतं दिलं, त बाळंतपणात पोरगी हाती लागली नसती. किती चमचे देता?"

बाटली तांदळाच्या कणगीत तळाशी होती, बूचही न उघडलेली. लोहाच्या औषधानं पोर काळं निपजतं, असं शेजारच्या गिरजाबाईनं सांगितलं होतं. आणि रुखमाला नातू गोरा हवा होता, कोळशाच्या गावात.

खरं बोललं तर दात कोळशाचेच ठरत होते. रुखमा जिंकत होती.

वामनराव तिच्याकडं पाहत होते. संघप्रिया जमिनीकडं. आपल्या जिभेला औषधाचा थेंब लागला नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"दोन," रुखमा म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. माह्या हातानं."

"मंग संपत आली असन."

"संपली. दुसरी द्या."

नवी बाटली हातात येताच रुखमानं तिथंच बूच फोडलं आणि चमचा काठोकाठ भरला. संघप्रियानं मान वर केली आणि सासूकडं पाहतच राहिली.

"पाहून काय राह्यली?" रुखमा खेकसली. "गिळ."