पंख्याची वायर

मधुसूदन साठ्यांनी फडक्याने गरम बॉनेट धरून वर उचललं.

"इंजिन चालूच ठेव. तापमानाचा काटा बघ आणि सांगत राहा."

"चढ़ रहा है," स्टिअरिंगवर बसलेली त्यांची मुलगी क्षितिजा इथे वाढल्यामुळे सवयीच्या हिंदीत म्हणाली. "मिस्त्री ने बोला तो था, पापा. गैस्केट गया. बेच दीजिए."

"मिस्त्री बोलला म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. कर बंद."

बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस ऐकीव निदानावर बावीस वर्षांची गाडी थोडीच विकणार! शिवाय गाडी गेली की शहराच्या टोकाला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या या घरातून बाहेर पडायला लेकीची सवड बघत बसायचं. त्याचीच त्यांना खरी धास्ती होती.

"गॅस्केट गेलं असतं तर पाणी कमी झालं असतं. टाकी काठोकाठ आहे. रस्त्यावर पळताना गाडी तापत नाही, हजरतगंजच्या गर्दीत उभी राहिली की तापते. का? पळताना वारा लागतो. उभ्या गाडीला वारा घालायचा तो पंख्याने, आणि पंखा ढिम्म आहे."

आत हात घालून ते वायर चाचपत गेले. प्लग निघालेला होता. त्याच्या तोंडावर काळी टेप नीट गुंडाळलेली, आणि पुढे सोडवताना नखाला सापडावं म्हणून टेपचं टोक दुमडलेलं. ही पद्धत त्यांनी प्रयोगशाळेत सगळ्यांना शिकवली होती. घरात फक्त एकीला.

त्यांना वाईट वाटलं. काम किती सफाईदार झालंय, हेही मनात आल्यावाचून राहिलं नाही.

"इंजिन जळालं असतं, क्षितिजा."

"आप जलने नहीं देते. काटा चढ़ते ही गाड़ी रोक देते हैं, मुझे मालूम था."

"मग हे कशासाठी?"

"आपको लाल बत्ती नहीं दिखी थी, पापा."

"एखाद्या वेळी कुणाचंही होतं. एका नोंदीवरून निष्कर्ष काढत नाहीत."

तिने खिडकीतून मोबाइल पुढे केला. त्यांनी तो लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला. शेवटी तिनेच वाचून दाखवलं. तीन तारखा, तीन चौक. तिसऱ्या तारखेपुढे लिहिलं होतं, ‘स्कूल का रिक्शा. बाल-बाल बचे.’

मग टेप सोडवून त्यांनी प्लग बसवला आणि बॉनेट लावलं.

"चौथी नोंद नको," ते म्हणाले आणि गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.