रंग सांगणारी

सुंदरा बाळंतपण उरकून शिरपूरहून परतली, तेव्हा भट्टीपाशी तिच्या जागेवर रंजना बसलेली होती.

तशी जागा कुणी हिसकावली नव्हती. सुंदराचा नवरा सुकदेव सुरतजवळ कामरेजच्या हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये ऊस तोडायचे कोयते घडवायचा, ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पोलादातून. वर्षानुवर्षं विस्तवात बघून त्याच्या नजरेला बारीक रंग दिसेनासे झाले होते. आणि कोयत्याचा सगळा जीव त्या रंगातच. लालबुंद पात्याची नुसती धार पाण्यात बुडवायची, बाहेर काढून विटेनं घासायची आणि बघत बसायचं. मागच्या जाड भागातली ऊब हळूहळू धारेकडे सरकते. चकचकीत पोलादावर आधी पिवळी झाक येते, मग तपकिरी, मग जांभळी. तपकिरी धारेला पोचली की पातं सबंध विझवायचं. आधी विझवलं तर धार काचेसारखी, कडक पण तडकणारी. उशीर झाला तर मऊ, दोन दिवसांत बोथट.

तो क्षण सुंदरा सांगायची. "आता!" म्हणायची आणि सुकदेव पातं पाण्यात घालायचा. प्लेगच्या वर्षी अर्धी सुरत गाड्या भरभरून गावी पळाली, तेव्हाही ती दोघं तोंडाला फडकी बांधून इथंच कोयते करत होती.

ती माहेरी गेली आणि सुकदेवनं धाकट्या भावाच्या बायकोला, रंजनाला बसवलं. तिचा नवरा लखन पांडेसऱ्याला रंगाईच्या मिलमध्ये पाळीवर जायचा, ती घरी मोकळीच. पण सुकदेव तिचा थोरला दीर, भासरा. त्याच्यापुढं तोंड उघडायचं नाही. म्हणून ती पदर ओढून बसे आणि रंग आला की सांडशी ऐरणीवर वाजवी. टिंग. एवढंच. सुकदेव पातं बुडवी.

आत बाळाला पाजताना सुंदराला ती टिंग ऐकू यायची. दिवसातून वीसदा. बाळ दचकायचं नाही, तीच दचकायची.

"आता मी बसते की," ती एकदा म्हणाली.

"घाई काय शे? लेकराला बघ," सुकदेव म्हणाला. "रंजनाचा हात बसलाय. गेल्या खेपेचा माल बारडोलीत नावाजला लोकांनी."

हात बसलाय म्हणे! सुंदरानं बाळाच्या टाळूवर तेल थापलं ते जरा जोरातच. मग ओशाळून तिथं हलकेच फुंकर घातली.

दिवाळीनंतर चाळीस कोयत्यांची मागणी आली. सकाळी रंजना पदर सावरत शेडकडे निघाली, तशी सुंदरानं बाळ तिच्या हातात ठेवलं.

"घे गं याला. कालपासून नुसतं किरकिरतंय. तुझ्याकडं राहतं."

रंजनानं एकदा भट्टीकडं पाहिलं, एकदा जावेकडं, आणि बाळ घेतलं. ते लबाडही तिच्या खांद्यावर लगेच गप्प झालं. ते बघून सुंदराच्या छातीत आणखी एक चटका बसला.

माल घ्यायला येणारा पंडित मुकादम हातात कानस घेऊनच यायचा. कानस चावली तर पातं मऊ, घसरली तर कडक, एवढीच त्याची पारख. रंजनाच्या मालावर ती किंचित चावली होती म्हणे. माझ्या मालावर घसरलीच पाहिजे, सुंदराच्या मनानं घेतलं. पहिल्या पात्याची धार पिवळी झाली मात्र, ती म्हणाली, "आता!"

सुकदेवचा हात अडखळला. "झाला इतक्यात?"

"झाला म्हणते ना."

दोन दिवसांत चाळीस पाती झाली. विझल्यावरही धारेवरचा पिवळेपणा जात नाही. रंजना बाळाला घेऊन दारात आली, ढिगाकडं बघत राहिली. भासरा समोर, बोलणार काय? सुंदरानं काळ्या तेलाचा बोळा सगळ्यांवरून फिरवला.

पंडित मुकादम आला, सोबत ऊसतोडीच्या टोळीतली कमल. त्यानं एका कोयत्यावर कानस ओढली. ती किंचाळत घसरली.

"वा रे वा! टेकतच नाही!"

"मग? घरची मालकीण परत आलीय," सुकदेव हसत म्हणाला.

याच वाक्यासाठी तर केलं होतं सगळं. सुंदरा पदरात हसली.

कमल कोयते बांधता बांधता रंजनाच्या कडेवरच्या बाळाकडं वळली. "कुणाचं गं हे? केवढ्याचं?"

"माझं. तिसरा महिना संपतोय," सुंदरा म्हणाली.

"माझं सहाचं. फडातच असतं बाई, पाठीशी, पाचटावर. लांब ठेवायला जीव होत नाही. हात लांबवला की लागेल, एवढ्यावर ठेवते."

सुंदराचं हसू तिथंच विरलं. उसाच्या बुडख्याची गाठ, तिच्यावर जोरात बसणारी काचेची धार, आणि उडालेला तुकडा जाईल कुठं? मागंच जाईल.

"थांबा," ती म्हणाली. "गाडीत घालू नका. पिवळ्यावरच विझवलेत."

"पण कानस तर टेकेना!" मुकादम म्हणाला.

"म्हणूनच. तुटतील."

सुकदेव तिच्याकडं वळला. आवाज अगदी मऊ. "जागरण होतंय तुला. दिसलं नसेल."

केवढी सोपी वाट होती ती. सुंदरानं मान हलवली. "दिसलं होतं."

मग सुकदेव मुकादमाला म्हणाला, "पुन्हा ऊब दिली की रंग पुढं सरकतो. सांजेपर्यंत करून देतो. चल, चहा घेऊ." जाताना बायकोकडं न बघता म्हणाला, "रंजनाला बसव."

भट्टीवर जाड लोखंडी पत्रा ठेवला. तेल पुसून, धार घासून एकेका कोयत्याची पाठ त्यावर टेकवली. रंजना सांडशी धरून बसली. सुंदरा बाळाला मांडीवर घेऊन भट्टीचा पंखा फिरवू लागली. रंजना पाती उचलत होती, विझवत होती. एका पात्याला तिनं इतका वेळ दिला, की सुंदरानं केव्हाच उचललं असतं. आणि रंग नेमका आला. सुंदराला तो बघवेना.

तोच रंजना वळली. "जाऊबाई, हाऊ रंग कसा शे? माले समजत नही."

सुंदरानं पाहिलं. तपकिरी धारेपासून बोटभर लांब होती. आंधळ्यालाही समजलं असतं. म्हणजे डोळा हिचा, हात हिचा, लेकरूही हिच्याकडं गप्प, आणि वर सगळं कळत असून मला विचारणं, हेसुद्धा हिलाच जमतं!

"थोडं थांब," ती म्हणाली.

"बरं," म्हणून रंजना थांबली.

खोटारडी, सुंदरा मनात म्हणाली, आणि रंग पळू नये म्हणून तिनं पंखा हळू केला.